गोळी पेंड लॅबला दिली, त्याचा अनुभव (कोल्हापूर)

आमचा गोठा करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. चार म्हशी, तीन एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित) गाई, दोन कालवडी. दूध दोन्ही वेळा गावातल्या संस्थेत घालतो आणि दर दहा दिवसाच्या बिलावर घर चालतं, म्हणून बिलात दोनशे रुपये कमी आले तरी मला लगेच कळतं. गेल्या पावसाळ्यात तसंच झालं. म्हशींच्या दुधाची फॅट ७ टक्क्यांच्या वर असायची ती ६.१, ६.२ वर आली आणि वर दोन गाई मिळून तीन-साडेतीन लिटर दूध तुटलं. बाकी काही बदललं नाही असंच मला वाटत होतं, फक्त गोळी पेंड (कारखान्यात गोळ्या करून पोत्यात येतं ते पशुखाद्य) बदलली होती. दुकानदार म्हणाला वहिनी हे नवीन आलंय, प्रोटीन जास्त आहे आणि पोत्यामागं साठ रुपये स्वस्त, मी घेतलं, चूक माझी.

आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्ती म्हणतो, त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं की "ही पेंड जड हाय गं, आंबोण भिजवलं की तळाला काय तरी बसतंय." मी घमेल्यात हात घालून बघितलं तर खरंच तळाला कचकच लागत होती. पण दुकानदाराला नुसतं कचकच लागतंय म्हणून सांगितलं तर तो काय ऐकणार, कागद पाहिजे. म्हणून लॅब शोधली.

लॅब कोल्हापुरातच आहे, एमआयडीसीच्या बाजूला, खासगी. नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रार पण लिहायची आहे आणि कुणाचं नाव खराब करायचा माझा हेतू नाही. पण ज्यांच्याकडं जनावरं आहेत त्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं, कारण मी पैसे भरून जे शिकले ते मला आधी माहीत असतं तर अर्धे पैसे वाचले असते.

पहिली गोष्ट सॅम्पलची. मी एका पोत्याचं तोंड सोडून वरची दोन मूठ पेंड कॅरीबॅगमध्ये घालून गेले होते. काउंटरवरच्या मॅडमनी पिशवी हातात घेऊन बघितली आणि परत दिली. म्हणाल्या, "ताई, पैसे भरायच्या आधी ऐका, याचा रिपोर्ट मी देईन पण तो या दोन मुठींचा असेल, तुमच्या पेंडीचा नसेल." मला त्यावेळी राग आला, एसटीचं भाडं, अर्धा दिवस गेला. पण त्यांनी कारण सांगितलं ते पटलं. सगळं मिसळून, दळून, १ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल एवढं बारीक करून मग प्रोटीनच्या टेस्टला साधारण १ ग्राम घेतात. पन्नास किलोच्या पोत्याचा निकाल एका ग्रामावर. मग तो ग्राम नीट निवडलेला नको का? घरी येऊन दहा पोत्यातून काढलं, धान्याच्या दुकानात पोत्यात खुपसायची टोकदार नळी असते ना परखी, ती शेजाऱ्याकडून आणली, प्रत्येक पोत्यात वर, मधे, खाली. सगळं स्वच्छ ताडपत्रीवर ओतून ढीग केला, ढिगाचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले दोन बाजूला सारले, परत ढीग परत चार भाग, असं करत अर्धा किलोवर आणलं आणि जाड पिशवीत हवा काढून बांधलं. अर्धा तास लागला. आत्ती बाजूला बसून बघत होत्या, म्हणाल्या लग्नाचे तांदूळ निवडताना पण एवढं केलं नव्हतं.

मी घेतलं ते प्रॉक्सिमेट पॅकेज. यात ओलावा, प्रोटीन, फॅट, फायबर, राख आणि आम्लात न विरघळणारी राख एवढं येतं. ही पद्धत जर्मनीत वेंडे नावाच्या ठिकाणच्या संशोधन केंद्रात १८६० च्या दशकात बसवली आणि दीडशे वर्षं उलटली तरी पोत्यावर छापतात ते आकडे त्यातलेच. जुनी आहे म्हणून वाईट नाही पण तिला काय दिसत नाही हे माहीत पाहिजे, त्यावर येते.

दुसऱ्या फेरीला मॅडमनी मला आत नेऊन दाखवलं, यासाठी त्यांचे खरंच आभार, कुठल्या लॅबमध्ये गिऱ्हाईकाला आत घेतात? प्रोटीनची टेस्ट केल्डाल पद्धतीनं होते. केल्डाल हे डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये होते, १८८३ साली त्यांनी ही पद्धत मांडली. लांब नळीसारख्या काचेत पेंडीचं पीठ, त्यात तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, मोरचूद आणि पोटॅशियम सल्फेट घालून तासन् तास उकळवतात. आधी सगळं काळंकुट्ट होतं, डांबर असावं तसं, आणि मग हळूहळू निवळत निवळत स्वच्छ निळसर हिरवं पाणी उरतं. त्यात कॉस्टिक सोडा घालून वाफ काढतात, ती अमोनियाची वाफ दुसऱ्या फ्लास्कमधल्या बोरिक ॲसिडमध्ये उतरते, आणि ते गुलाबी पाणी माझ्या डोळ्यांसमोर हिरवं झालं. मग थेंब थेंब ॲसिड सोडत परत गुलाबी करायचं, किती थेंब लागले त्यावरून नायट्रोजन किती ते कळतं. त्या नायट्रोजनला ६.२५ नं गुणलं की झालं क्रूड प्रोटीन, कारण प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो.

आता इथंच मेख आहे. टेस्ट नायट्रोजन मोजते, प्रोटीन नाही. नायट्रोजन सोयाबीनमधून आला का सरकीतून आला का युरियाच्या पोत्यातून आला हे त्या हिरव्या पाण्याला कळत नाही. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे कागदावर त्याचं क्रूड प्रोटीन होतं २८७ टक्के! १०० किलो पेंडीत एक किलो युरिया टाकला की रिपोर्टवरचं प्रोटीन जवळजवळ २.९ नं वाढतं. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन (प्लास्टिकसाठी वापरतात ते रसायन) घातलं होतं, लहान पोरं आजारी पडली, ते याच फटीतून झालं, मेलामाइनमध्ये तर नायट्रोजन ६६ टक्क्यांच्या वर असतो.

माझ्या पेंडीचा नायट्रोजन निघाला ३.३, म्हणजे क्रूड प्रोटीन २०.६. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो, मालाचा दर्जा ठरवणारी सरकारी संस्था) टाइप २ पशुखाद्याला कमीत कमी २० पाहिजे, म्हणजे पास. हाच एक आकडा बघून मी घरी आले असते तर दुकानदार बरोबर आणि आत्ती चूक ठरल्या असत्या. मॅडमनीच विचारलं, युरियाची वेगळी टेस्ट लावू का, जास्तीचे पैसे पडतील. त्यात एक रसायन घातलं की युरिया असेल तेवढा पिवळा रंग येतो, तो रंग मशीनवर मोजतात. निघाला १.४ टक्के. म्हणजे २०.६ मधले ४ युरियाचे, खरं प्रोटीन उरलं साडेसोळाच्या आसपास. आणि पोत्यावर युरियाचा शब्द नाही.

हे नीट समजून घ्या, युरिया म्हणजे विष असं मी म्हणत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू युरियाचं प्रोटीन बनवू शकतात, चाटण विटांमध्ये युरिया घालतातच. पण त्यासाठी सोबत मका, मळी असलं ऊर्जेचं खाद्य पुरेसं पाहिजे, हळूहळू सवय लावायला पाहिजे, आणि ज्यांचा रवंथ अजून नीट सुरू नाही त्या वासरांना अजिबात चालत नाही. मी तीच पेंड कालवडींपैकी धाकटीला, चार महिन्यांच्या, मूठ मूठ चारत होते. कुणी सांगितलंच नाही. याचा राग मला आज पण आहे.

घरी बघायची एक सोपी रीत मॅडमनी सांगितली, कच्च्या सोयाबीनचं ताजं पीठ आणि पेंड कोमट पाण्यात कालवून बाटलीला झाकण लावून अर्धा तास ठेवायचं, युरिया असेल तर झाकण उघडल्यावर अमोनियाचा झणका नाकात जातो, मुतारीचा येतो तसा. सोयाबीन भाजलेलं नको. यानं आकडा मिळत नाही पण संशय खरा का खोटा एवढं कळतं.

आता ती तळाची कचकच. पेंड ५५० डिग्रीच्या आसपास भट्टीत जाळतात, पांढरट करडी राख राहते. ती राख हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये उकळवून गाळतात, कॅल्शियम, फॉस्फरस, मीठ सगळं विरघळून जातं आणि जे विरघळत नाही ते म्हणजे वाळू, माती नाहीतर भाताच्या तुसातली सिलिका. गाळणीचा कागद परत जाळून उरलेलं वजन करतात. मॅडमनी त्या छोट्या मुशीतलं चिमूटभर माझ्या बोटावर ठेवलं, चोळून बघा म्हणाल्या. तीच कचकच. आत्तींच्या घमेल्यातलीच. आकडा निघाला ५.८, टाइप २ ची मर्यादा ४. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात जवळजवळ तीन किलो असलं काही, जे म्हशीच्या एका तोंडातून जाऊन दुसरीकडून बाहेर पडतं, आणि मी त्याला पेंडीचा भाव दिलाय. फायबर पण १३.९ आलं, १२ च्या आत पाहिजे, दोन्ही एकत्र वाढलं म्हटल्यावर तूस मिसळल्याची शंका जास्त, नुसती माती असती तर फायबर वाढलं नसतं. फॅट २.६ म्हणजे जेमतेम पास. ओलावा १२.८, पाहिजे ११ च्या आत, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात एवढ्या ओलाव्यावर पोतं भिंतीला लावून ठेवलं की बुरशी ठरलेली.

फायबरबद्दल एक सांगते. क्रूड फायबरची टेस्ट म्हणजे १.२५ टक्के ॲसिडमध्ये अर्धा तास आणि १.२५ टक्के कॉस्टिकमध्ये अर्धा तास उकळायचं, उरेल ते फायबर. पेंडीला ठीक आहे. पण वैरणीला, कडब्याला, वाड्याला (उसाच्या शेंड्याला) ही टेस्ट लावू नका, पैसे वाया, कारण उकळताना लिग्निन नावाचा लाकडासारखा भाग थोडा विरघळून जातो, हेमीसेल्युलोज पण निसटतं आणि वाईट वैरण कागदावर चांगली दिसते. वैरणीला एनडीएफ आणि एडीएफ मागायचं. अमेरिकेतल्या व्हॅन सोएस्ट यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत काढली, साबणासारख्या द्रावणात उकळतात, पेशीच्या आतलं सगळं धुऊन जातं आणि भिंत तेवढी राहते, ती एनडीएफ. त्याच भिंतीतला, ॲसिड घातलेल्या साबणातही न विरघळणारा कठीण भाग तो एडीएफ. एनडीएफवरून जनावर किती खाईल त्याचा अंदाज येतो, एडीएफवरून त्यातलं किती पचेल त्याचा. मला पहिल्यांदा कुणी हे सांगितलं नाही, वाड्याचं सॅम्पल मी प्रॉक्सिमेटमध्येच दिलं, ते पैसे गेले.

आणि इथंच फॅटचं कोडं सुटलं. मी सगळा दोष पेंडीला देत होते. मॅडम म्हणाल्या दूध तुटलं त्याला पेंड कारण असेल पण फॅटचं मला वेगळं वाटतं, काय काय चारता ते सांगा. पावसाळ्यात आम्ही बांधावरचं लुसलुशीत गवत आणि कोवळा मका, ते पण कुट्टी मशीनमधून एकदम बारीक करून, आणि कडबा महाग म्हणून बंदच केलेला. असल्या वैरणीत लांब टणक धागा कमी, जनावर रवंथ कमी करतं, लाळ कमी सुटते, पोटात आंबूस वाढतं आणि फॅट उतरते. हे कुठल्याही पेंडीच्या रिपोर्टमध्ये दिसलं नसतं. मी घरी येऊन प्रत्येक म्हशीला दिवसाला तीन किलो कडबा परत सुरू केला आणि कुट्टी जाड केली. पेंड बदलायच्या आधीच, तीन आठवड्यांत, फॅट ६.८ वर आली. दूध मात्र पेंड बदलल्यावरच सावरलं. दोन वेगळी दुखणी होती आणि मी एकच समजून बसले होते.

मुरघासाचं (हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या वैरणीचं) पण सॅम्पल दिलं होतं. तो रिपोर्ट आल्यावर माझी झोप उडाली, प्रोटीन ८.२ लिहिलेलं, म्हटलं चांगलं आहे की. पण तो आकडा ड्राय मॅटरवर, म्हणजे पाणी वगळून उरतं त्या सुक्या भागावर होता आणि रिपोर्टवर ते एका कोपऱ्यात बारीक अक्षरात. आमच्या मुरघासात ड्राय मॅटर ३१ टक्के, बाकी पाणी. म्हणजे २० किलो मुरघास टाकला की त्यात सुकं ६.२ किलो आणि प्रोटीन फक्त अर्धा किलो. पेंडीचा रिपोर्ट आहे तशा मालावर आणि मुरघासाचा सुक्यावर, दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली की माणूस फसणारच. तुम्ही विचाराच, हा आकडा सुक्यावर का ओल्यावर. मुरघासाचा पीएच (आंबटपणाचं माप) ४.० आला तो चांगला, ४.२ च्या आत असला की नीट आंबलाय असं समजायचं.

अफ्लाटॉक्सिनची (बुरशीच्या विषाची) टेस्ट मी या खेपेला केली नाही, महाग होती, आणि आता वाटतंय तीच आधी करायला हवी होती. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका यावर ओल धरली की अस्परजिलस बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन बी१ सोडते. जनावरानं खाल्लं की त्यातला काही भाग एम१ होऊन दुधात उतरतो आणि दूध उकळून तो जात नाही. पशुखाद्यात बी१ ची मर्यादा २० पीपीबी (अब्ज भागात २० भाग) आणि दुधात एम१ ची ०.५ पीपीबी, एवढ्या बारीक मापात हे मोजावं लागतं. लॅबमध्ये एलायझा किट आहे, खड्ड्याखड्ड्यांच्या प्लेटमध्ये रंग येतो, विष जास्त तेवढा रंग फिका. पक्का आकडा पाहिजे असेल तर एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनची टेस्ट), ते हे लोक बाहेर पाठवतात. गंगावेशीत समोर म्हैस पिळून दूध पेल्यात देतात, लोक लहान पोरांना घेऊन येतात प्यायला. माझं दूध पण कुणाची तरी पोरं पितात, म्हणून हे माझ्या मनातून जात नाही.

तक्रारी. चार दिवसांत रिपोर्ट म्हणाले, नऊ दिवस लागले, आणि मधे फोन केला की "सॅम्पल प्रोसेसमध्ये आहे" एवढंच. नऊ दिवसात मी ती पेंड चारू का नको? रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत, बीआयएसची मर्यादा शेजारी छापलेली नाही, ती मॅडमनी पेननं लिहून दिली म्हणून मला कळली. ज्या बाईला फक्त मराठी वाचता येतं तिनं काय करायचं? कोल्हापूर जिल्ह्यात निम्म्याहून जास्त गोठ्यांत शेण काढणं, धार काढणं बायकाच करतात असं मला आजूबाजूला बघून दिसतं, आणि रिपोर्ट त्यांना वाचता येऊ नये? आणि मॅडम रजेवर असल्या की काउंटरवरचा मुलगा नुसती पावती फाडतो, कुठली टेस्ट कशाला हे त्याला सांगता येत नाही. वाड्याचे माझे पैसे त्याच्यामुळंच गेले.

अजून एक, गावात एक कंपनीवाले छोटं मशीन घेऊन आले होते, पेंड ठेवली की दोन मिनिटांत सगळे आकडे, फुकट. ते एनआयआर. प्रकाशाचा झोत पाडून तो किती परततो त्यावरून अंदाज बांधतं. मशीन खोटं नाही, पण त्याला आधी केल्डालसारख्या टेस्ट केलेल्या शेकडो सॅम्पलवर शिकवावं लागतं, आणि जे त्याला शिकवलं नाही, तूस, युरिया, माती, त्यावर ते चुकू शकतं. स्वच्छ मका, सोया घेताना झटपट बघायला उत्तम. भांडण करायला मात्र लॅबचाच कागद. भांडण फारच मोठं असेल तर गुजरातेत आणंदला एनडीडीबीची (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची) काल्फ लॅब आहे, कुरिअरनं सॅम्पल जातं.

दुकानदाराकडं मी रिपोर्ट घेऊन गेले. आधी म्हणाला लॅबवाले काहीही लिहितात, मग ५.८ वर बोट ठेवून विचारलं ही तीन किलो वाळू तुमच्या घरी नेऊन ठेवू का, तेव्हा सहा न फोडलेली पोती परत घेतली. फोडलेल्या चारचे पैसे नाही मिळाले.

पाचपैकी साडेतीन स्टार. टेस्ट खऱ्या, काम स्वच्छ, मॅडमना पाचपैकी पाच. दीड कापला तो उशिरासाठी आणि इंग्रजी रिपोर्टसाठी. जाणार असाल तर मॅडम असताना जा, सकाळी साडेदहा नंतर असतात, शनिवारी नसतात. पेंडीला प्रॉक्सिमेट आणि युरिया, वैरणीला एनडीएफ-एडीएफ, मुरघासाला ड्राय मॅटर, पीएच आणि प्रोटीन, एवढंच मागा. सरकी पेंडीची नवीन गाडी सोमवारी येतेय, परखी अजून आमच्याकडंच आहे, या खेपेला वीस पोत्यातून काढणार आहे कारण बुरशी एका कोपऱ्यात असते आणि दुसऱ्यात नसते. एलायझाचा आकडा आला की इथंच खाली लिहीन.